बॅगेतल्या पेपर प्लेट्स

इथिओपियाच्या सहलीची बॅग भरताना आईने पेपर प्लेट्स आत सरकवल्या आणि केयाचा पारा चढला.

"आई, हे कशाला? माझ्या वर्गातल्या हिरुतच्या आजीने तिथे आपल्याला जेवायला बोलावलंय!"

"अगं, तिथे सगळे एकाच ताटात जेवतात. मी कुणाचं उष्टं खाणार नाही."

"उष्टं कसलं? हात धुऊन, उजव्या हाताने, आपल्यासमोरचंच खातात. आणि आजी पाहुण्यांना स्वतः घास भरवते. तो नाकारणं म्हणजे अपमान! वर्गात हिरुतला मी तोंड कसं दाखवू?"

"अनोळखी बाईच्या हातचा घास? खलास, विषय संपला."

"आणि लग्नात अख्ख्या हॉलसमोर बाबांना जिलबी भरवलीस, तेव्हा कितीशी ओळख होती गं?"

सोफ्यावर बाबांना ठसका लागला.

केयाने तणतणत टेबलावरच्या आपल्या अर्धवट ताटातली पोळी आमटीत बुडवली आणि घास आईच्या तोंडापुढे धरला. फरशीवर आमटी ठिबकत होती. आईने डोळे वटारले, पण घास घेतला.

"आता दुसरा," केया गुरगुरली. "एकावरच थांबलं तर भांडण होतं, असं हिरुतची आजी म्हणते."

"ते तर झालंच की," म्हणत आईने बॅगेतून प्लेट्स काढल्या आणि पुन्हा तोंड उघडलं.