बुटाच्या टोकातला कागद

थांबा, छातीवरचा हात काढू नका, मीच बोलतोय! बूट शिवणाऱ्या एका म्हाताऱ्याचं हृदय. ठोकाठोकी हा आम्हा दोघांचा धंदा. तो दुपारी लवंडतो, मला ती सोय नाही.

माझं आणखी एक काम आहे. अंगात पाणी वाढलं की मला ताण बसतो. मग मी रक्तातून निरोप धाडतो, हार्मोन म्हणतात त्याला: "मूत्रपिंडांनो, मीठ-पाणी बाहेर काढा!" पूर्वी ती जुळी भावंडं एका हाकेत कामाला लागायची.

हल्ली निरोपावर निरोप धाडतो, पण पालथ्या घड्यावर पाणी. माझा आवाज बसला, की त्यांचे कान गेले? की मालकाचा गुण लागून माझी थट्टा चालवलीय त्यांनी?

कारण मालक म्हणजे नुसता अर्क! तरुणपणी मेव्हण्याच्या बुटाच्या टोकात रोज थोडाथोडा कागद कोंबायचा. "दाजी, माझे पाय वाढतायत हो!" म्हणत तो रडकुंडीला आला, तेव्हा मालकाच्या हसण्यापायी मला धाप लागली होती.

आता मालकाचेच बूट आवळू लागले. स्वतः शिवलेले! टोकात बोटं घातली, कागद नाही. आतला तळ उचकटला, तिथेही नाही. पायऱ्या चढताना दम लागत होता, पण त्याचं ध्यान बुटात.

त्याने मेव्हण्याला गाठलं. "कुठे लपवलायस, बोल! इतकी वर्षं दबा धरून बसलास?"

"आईशपथ दाजी, मी नाही!"

बायकोने मोजा उतरवून नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला, तो भरेचना. "कागद नाही हो, पाणी आहे," ती म्हणाली. मेव्हणा हसला नाही. तेव्हा कुठे मालक घाबरला.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. "आजोबा, हृदय सांगतंय, पण वय झालं की मूत्रपिंडं त्याचं पूर्वीसारखं मनावर घेत नाहीत. मीठ कमी करा, गोळी चुकवू नका."

"म्हणजे आमच्या घरासारखंच," मालक म्हणाला. "ही सांगते, मी ऐकत नाही."

"आता ऐकाल," बायको म्हणाली आणि घरी येताच खारे दाणे कुलपात गेले.

सूज उतरली. ती जुळी ऐकू लागली, की गोळीच त्यांना दामटते, मला अजून उमगलेलं नाही.

पण काल सकाळी बूट पुन्हा आवळले. मालकाचा चेहरा पांढराफटक, मी धडधडतोय. सवयीने त्याने टोकात बोट घातलं.

कागद!

दारात मेव्हणा पोट धरून हसत होता. मालक इतका हसला, इतका हसला, की माझे ठोके मलाच मोजता येईनात. भल्या माणसांनो, मीठ जपून खा. आणि मेव्हणे जपून ठेवा.