मोजणीबाईची सही

"चष्म्याचं लिहा," मेट्रन म्हणाल्या आणि त्यांनी फॉर्म टेबलावरून पुढे सरकवला. "नंबर वाढला होता, पाचाचे सहा दिसले. नवीन चष्मा करून घ्या, विषय संपला. चष्म्यापायी आजवर कुणाची नोकरी गेलेली नाही."

फॉर्मवर 'चुकीचे कारण' असा रकाना होता. मोजणीबाईने तो दोनदा वाचला, पण पेनाचं टोपण काही काढलं नाही.

"आणि खरं लिहिलं तर?"

मेट्रननी आधी दार लागलंय ना ते पाहिलं. "खरं लिहिलंत तर मोठे डॉक्टर तुम्हाला धुलाईखात्यात धाडतील, नाहीतर घरी. डोक्याचं काही आहे म्हटलं की कुणी जोखीम घेत नाही हो. दोन वाजता बोलावलंय त्यांनी. तोवर विचार करा."

मोजणीबाई हे काही तिचं कागदावरचं नाव नव्हे. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, मोजून, वाफेवर निर्जंतुक करून वर थिएटरात पाठवायची, हे हॉस्पिटलच्या तळमजल्यावरचं काम ती एकवीस वर्षं करत होती, म्हणून ते नाव चिकटलं. पद्धत अशी की टेबलापाशी दोघी उभ्या राहणार. एकीने हत्यार पुकारायचं, दुसरीने मोजून आकडा बोलायचा. "वाकडे चिमटे?" "सहा." "कात्र्या?" "तीन." सगळं जमलं की चिठ्ठीवर सही, चिठ्ठी सेटमध्ये आणि सेट वर. एकटीने सेट बंद करायचा नाही, हा नियम भिंतीवर लावलेला होता, आणि तो साहेबलोकांशी भांडून तिनेच लावून घेतला होता. तिची सही दिसली की थिएटरातल्या सिस्टर पुन्हा मोजायच्या नाहीत. मोजायला हवं होतं, पण इतक्या वर्षांत एक आकडा चुकला नाही म्हटल्यावर माणसं सैल पडतातच.

गेल्या शुक्रवारी तिची जोडीदारीण लंबूताई रजेवर होती आणि कामाचा ढीग साठला होता. मोजणीबाई एकटीच पुकारत बसली. "वाकडे चिमटे?" आणि कानाशी उत्तर आलं, "सहा." स्पष्ट, जरा घोगरं. तिने खूण केली, सही ठोकली, सेट वाफेला लावला. चिमटे पाच होते.

वर ऑपरेशन संपताना मोजदाद झाली तेव्हा चिमटे पाच आणि चिठ्ठीवर सहा. मग सहावा गेला कुठे? पेशंटच्या पोटात? टाके थांबले, एक्सरेचं मशीन ढकलत आणलं, दोन सिस्टर गुडघे टेकून फरशी धुंडाळू लागल्या. एका परक्या माणसाचं पोट चाळीस मिनिटं विनाकारण उघडं राहिलं. सहावा चिमटा खाली धुण्याच्या भांड्याच्या तळाशी सापडला. पेशंट सुखरूप होता, शनिवारी हसत होता म्हणे. पण त्या चाळीस मिनिटांनी मोजणीबाईची अन्नावरची वासना उडाली होती.

आवाज नवऱ्याचा होता. तीन महिन्यांपूर्वी दाढी करता करता तो कोसळला आणि साबण तोंडावर तसाच ठेवून गेला. शिलाई मशिनं दुरुस्त करणारा शांत, विसराळू माणूस. तीस वर्षं घरातून निघताना तिने दारात उभं राहून पुकारायचं आणि त्याने आतून उत्तर द्यायचं. "गॅस?" "बंद." "खिडकी?" "बंद." "चष्मा?" "नाकावर." तो गेल्यावरही तिची सवय गेली नाही. पहिला महिनाभर उत्तर आलं नाही. मग यायला लागलं. खोटं कशाला बोला, तिला त्यात आनंदच झाला होता. शुक्रवारपर्यंत तिने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि आपल्यासोबत तो आवाज कामावरही येतोय हे तिच्या लक्षातही आलं नव्हतं.

जेवणाच्या सुट्टीत मागच्या जिन्यावर बसून तिने नणंदेला फोन लावला. ती शेजारच्याच गल्लीत राहायची. घडलं ते सगळं तिने शनिवारीच नणंदेला सांगून टाकलं होतं, फक्त आवाज कुणाचा ते गिळलं होतं.

"वहिनी, चष्म्याचं लिहा आणि मोकळ्या व्हा," नणंद म्हणाली. "खरं सांगून काय पदरात पडणार? लोक म्हणतील, नवरा गेला आणि बाईचं डोकं फिरलं."

"लोकांचं सोडा हो वन्सं. चष्मा केला की मला परत सहीला बसवतील. आणि हे पुन्हा बोलले तर?"

पलीकडे हातातलं भांडं ओट्यावर ठेवल्याचा आवाज आला.

"दादा बोलतो?" नणंदेचा स्वर एकदम लहान मुलीसारखा झाला. "काय म्हणतो?"

"आकडे सांगतात."

"आकडे? दादा?" नणंद रडता रडता फसकन हसली. "अहो, शाळेत गणितात दर वर्षी गटांगळ्या खायचा तो! आणि तुम्ही त्याच्या आकड्यावर सही केलीत?"

मोजणीबाईला हसू आवरेना. शुक्रवारपासून ती पहिल्यांदा हसत होती. हसता हसता डोळे भरले, ते तिने पदराने पुसले, डबा संपवला आणि केस नीट करून ती मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत गेली.

"चष्म्याचा नंबर, असं मेट्रन म्हणतायत," मोठे डॉक्टर फॉर्म चाळत म्हणाले. "पण रकाना कोराच आहे."

"डोळे ठणठणीत आहेत साहेब. मला गेलेल्या नवऱ्याचा आवाज ऐकू आला. मी त्यावर विसंबले."

मेट्रननी डोळे मिटून घेतले. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

"एकटीने सेट बंद केला ही चूक माझी," ती पुढे म्हणाली. "ती मी आवाजाच्या माथी मारणार नाही. काल मनाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. त्या म्हणाल्या, जवळचं माणूस गेल्यावर असं पुष्कळांना होतं. माझी झोप उडालीय, ती आधी परत आणायचीय. दर बुधवारी सकाळी बोलावलंय. हे त्यांचं पत्र."

डॉक्टरांनी पत्र सावकाश वाचलं. "मग रजा घ्या ना. तीन महिने घरी आराम करा."

"घरी तर त्यांचाच आवाज आहे साहेब. इथे निदान जित्या माणसांचे आहेत. घरी बसवलंत तर मी बरी व्हायची नाही. मला टेबलावर ठेवा. मी पुकारेन, मोजेल दुसरी, आणि सहीही तिचीच. मनाच्या डॉक्टरांनी मी बरी झाल्याचं लिहून दिलं, की मग सही मला परत द्या. नाही दिलं, तर धुलाईखात्यात मी माझ्या पायांनी जाईन."

"हे तुम्ही लपवलं असतं तर आम्हाला पत्ता लागला नसता."

"मलाही लागला नसता, साहेब. पुढच्या खेपेला कुणाच्या पोटात काय राहिलं असतं, त्याचा."

डॉक्टरांनी पत्र फॉर्मला टाचलं. मग त्यांनी मेट्रनना सांगितलं, "सहा आठवडे सही नाही. बुधवारची सकाळ सुट्टी. आणि आजपासून वर दोनदा मोजायचं, सही कुणाचीही असू दे." मग तिच्याकडे वळून, "पण आता एक जरी चूक झाली, तर मी काही ऐकणार नाही."

"ऐकूही नका," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला सेट टेबलावर मांडला तेव्हा लंबूताई चुळबुळत होती. "ताई, तुमच्यादेखत मी कशी सही करू?"

"हाताने कर. वाकडे चिमटे?"

"सहा," लंबूताई सवयीने म्हणाली.

"बघून सांग."

लंबूताई ओशाळली आणि वाकून एकेक चिमटा बोटाने बाजूला सारू लागली. तेवढ्या वेळात कानाशी तो घोगरा आवाज आलाच. मोजणीबाईने तो ऐकला. पण तिने त्याचा आकडा धरला नाही, समोरच्या बोटावरची नजर हलू दिली नाही.

"सहा," लंबूताई म्हणाली.

सगळी यादी अशीच झाली. शेवटी लंबूताईने चिठ्ठीवर सही केली आणि मोजणीबाईने ती सेटमध्ये ठेवली. एकवीस वर्षांत तिच्या टेबलावरून पहिल्यांदाच दुसरीच्या सहीचा सेट वर गेला, आणि त्यात सगळं बरोबर होतं.