शेवटची वाजली ती थंडी

हवा बदलायला लागली की लॉन्ड्रीत झडतीचे दिवस येतात. सकाळी अंगावर काटा, दुपारी घामाच्या धारा, आणि संध्याकाळी माणसांना एकदम आठवतं की आपल्याकडे लोकरीचं काहीतरी होतं. मग गाठोडी येऊन पडतात. वर्षभर कपाटाच्या तळाशी कोंडून ठेवलेले स्वेटर, शाली, कोट. आणि त्या प्रत्येक कपड्याचे खिसे एक बाई उलटे करते.

मालक तिला झडतीबाई म्हणतो. तिचं काम एवढंच. कपडा मशीनमध्ये जायच्या आधी खिशात जे सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायचा, वहीत नोंद करायची, गिऱ्हाईक आलं की सही घेऊन परत द्यायचं. पूर्वी कधीतरी कुणाच्या खिशातली लिपस्टिक मशीनमध्ये वितळली आणि सतरा पांढरे शर्ट गुलाबी होऊन बाहेर आले. तेव्हापासून हा नियम. सोळा वर्षांत तिने काय काय काढलं: पडलेली दाढ, अर्धवट लिहिलेला राजीनामा, बायकोच्या नावाने सुरू होऊन भलत्याच नावाने संपणारी चिठ्ठी. सगळं नोंदवलं, सह्या घेतल्या, तोंडातून ब्र काढला नाही.

त्या दुपारी वहिनी आली. दादाची बायको. काउंटरवर पिशवी ठेवली आणि उभ्या उभ्याच बोलली.

"वन्सं, पोराने धोसरा लावलाय. जुन्या फॅशनचा कोट पाहिजे म्हणे. मित्रांमध्ये मिरवायला. पेटीत एक होता, तो आणलाय. तुम्हीच बघा काय ते."

"कुणाचा?" तिने विचारलं. उगाच विचारलं. पिशवीच्या तोंडातून डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता आणि बाही दिसत होती. डाव्या कोपराला गडद ठिगळ.

"असेल कुणाचातरी," म्हणत वहिनी रस्त्याला लागलीसुद्धा.

तो वडिलांचा कोट होता. या कोटाने तिचं आयुष्य खाल्लं होतं. आता तो चारशे बारा नंबरची पट्टी लावून तिच्या टेबलावर आडवा पडला होता, आणि ती त्याला हात लावायला धजत नव्हती. बाकीचे कपडे उरकले. मग पाणी प्यायला गेली. परत आली. पुन्हा पाणी प्यायला गेली.

गोष्ट साधी होती. घरात सगळ्यांना पाठ होती. वडील बसच्या डेपोत मेकॅनिक. इंजिन चालू ठेवायला सांगायचे, स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचे, मूठ कानाला लावायचे, आणि डोळे मिटून सांगायचे, तिसऱ्या सिलिंडरला रोग आहे. कधी चुकले नाहीत. मग धाकट्या मुलीने, ही तेव्हा नऊ वर्षांची, शाळेच्या नाटकासाठी न विचारता त्यांचा कोट पळवला. दिवस थंडीचे. वडील तसेच कामावर गेले, कानात थंडी शिरली, ताप डोक्यात चढला आणि दोन्ही कान गेले. कायमचे. डेपोने त्यांना टायरच्या कामावर टाकलं. टायरला कान लागत नाहीत.

तू कोट नेलास म्हणून. हे वाक्य कुणी रोज म्हणत नव्हतं. म्हणायची गरजच नव्हती. दहावीनंतर दादा पुढे शिकला, तिने पाटी हातात घेतली. शिकायची पाटी नव्हे, वडिलांशी बोलायची. दूधवाला काय म्हणतोय, डॉक्टर काय म्हणतोय, आई कशाला चिडलीय, सगळं खडूने लिहून दाखवायचं. एकोणीस वर्षं. कुणी तिला धरून बसवलं नव्हतं. ती आपणहून बसली, कारण बसणं तिच्यावर आलं होतं असं तिला वाटत होतं. स्थळं आली आणि गेली. आता वय बावन्न. आई गेली, वडील त्याआधीच गेले. राहिली एक खोली, एक खिडकी आणि झडती.

चार वाजता तिने कोट ओढला. डावा खिसा रिकामा. आतला रिकामा. उजव्या खिशात हात घातला तर बोटं आरपार. खिशाला भोक. असं भोक असलं की माल अस्तरात उतरतो, हे तिला झोपेतसुद्धा कळलं असतं. तिने खालच्या कडेपर्यंत चाचपून पाहिलं. काहीतरी होतं. बारीक, कडक. आणि एक मऊ गुंडाळा.

ब्लेडने तिने चार टाके उसवले.

मऊ गुंडाळा म्हणजे मिशी. काळ्या लोकरीची, मागे कागद, कागदावर वाळलेल्या खळीचं पिवळं कवच. इन्स्पेक्टरची मिशी. पहिल्याच प्रवेशात तिने पिस्तूल रोखून "हात वर करा" म्हटलं होतं, आणि हात वर करायच्या आधी मिशीच खाली आली होती. अख्खं सभागृह हसलं होतं. घामाने. घाम नाकाखाली साचला आणि खळ सुटली. ही आठवण तिने एकदा दादाला सांगितली होती. दादा म्हणाला होता, "थंडीत कुठला घाम? घाबरून आला असेल." तिला पटलं होतं. तेव्हापासून तिला तो घाम भीतीचा म्हणूनच आठवत होता. असं होतं. दुसऱ्याने आपल्या आठवणीला कल्हई केली की आतलं भांडं कुठलं होतं ते आपल्यालाही दिसत नाही.

आणि बारीक, कडक ते? तिने तळहातावर ओतलं. काळं, चपटं, टोकदार. अकरा.

कलिंगडाच्या बिया.

नाटक संपल्यावर शाळेच्या बाईंनी सगळ्या नटांना मागच्या अंगणात उभं करून कलिंगडाच्या फोडी वाटल्या होत्या. वर दम भरला होता, जो बी थुंकेल त्याला झाडू मारायला लावीन. तिने बिया एकेक करून खिशात टाकल्या. इन्स्पेक्टरच तो, कायदा पाळला.

ती उठली. बसली. परत उठली आणि काउंटरवर गेली. मालक पावत्या लावत होता.

"मालक, तुम्ही लहान असताना थंडीत कलिंगड मिळायचं?"

"का? डोहाळे लागले का काय?"

"मिळायचं का ते सांगा."

"थंडीत? तेव्हा?" मालकाने चष्मा वर केला. "आता मिळतं बाराही महिने. चव पुठ्ठ्याची, पण मिळतं. तेव्हा ऊन भाजायला लागल्याशिवाय कलिंगड दिसायचं नाही. माझा बाप म्हणायचा, जमीन तापली की बाजार लाल होतो. का?"

"काही नाही."

काही नाही कसं? ऊन होतं. भाजणारं ऊन. नाटक वर्ष संपतानाचं होतं, सुट्टीच्या तोंडावरचं. कोट आणायला बाईंनीच सांगितलं होतं, कारण इन्स्पेक्टरला कोट लागतो. आणि उन्हाळ्यात कोट घरातून गेला तर कुणाचं काय अडतं? खुंटीवरून धूळ गेली, एवढंच.

मग थंडी कुठून आली?

इस्त्रीच्या टेबलाशी ती थबकली. वडिलांचा एक विनोद होता. पाहुणे आले की ते आपल्या मोठ्या, अंदाज सुटलेल्या आवाजात सांगायचे, "माझ्या कानात शेवटचं काय वाजलं माहितीये? थंडी." सगळे हसायचे. ती आत निघून जायची. वीस वर्षांची असताना तिने एकदा धीर करून पाटीवर लिहिलं होतं, त्या दिवशी थंडी होती? वडिलांनी वाचलं आणि म्हणाले, "मला वाजत होती." तिने पाटी पुसली. शिक्का बसला.

मला वाजत होती. होती असं नाही म्हणाले ते. वाजत होती म्हणाले. मला म्हणाले. थंडी वाजून ताप आला होता त्या माणसाला. भर उन्हात, घरात, चार पांघरुणांखाली कुडकुडत असेल आणि आणखी कोट मागितला असेल. तो खुंटीवर नव्हता. बस्स. एवढाच काय तो कोटाचा गुन्हा. आणि त्या एका शब्दावर घराने अख्खा ऋतू बदलून टाकला, आणि कुणाच्या बापाने तो परत बदलला नाही. आई रोज त्यांच्या उशाशी होती. तिला ठाऊक नव्हतं की ऊन होतं? ठाऊक होतं. मरेपर्यंत ठाऊक होतं.

तिने कोट मशीनला दिला नाही. बिया पाकिटात घातल्या, मिशी घातली, नंबर टाकला, वहीत ओळ लिहिली. मग वही काखेत मारली, कोट उचलला.

"वही दुकानाबाहेर जात नाही," मालक म्हणाला.

"आज जाते."

मालकाने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा पावत्या लावायला घेतल्या.

दादाचं घर दोन गल्ल्या पलीकडे, तिसऱ्या मजल्यावर. दादा निवृत्तीला आलेला साहेब. खुर्चीत बसून पायाला तेल चोळत होता. ऊन कललं होतं, तरी पंखा चालू होता आणि अंगात स्वेटरही होता. या दिवसांत माणसाला कशानेच बरं वाटत नाही.

"बारके? आज इकडे कुठे?"

ती बसली नाही. वही उघडून त्याच्या मांडीवर ठेवली, वर पाकीट ठेवलं.

"सही कर."

"कसली?"

"कोटात माल निघाला. मालकाची सही लागते."

"अगं पण मालक कसला मी? बाबांचा कोट तो."

"पेटी तुझ्याकडे. कोट तुझ्याकडून आला. वाच आणि सही कर."

दादाने चष्मा लावला. तिने मुद्दाम ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: लोकरीची मिशी, एक. कलिंगडाच्या बिया, अकरा.

वहिनी आतून आली होती. "अगंबाई, बिया? कोटात?" म्हणत हसली. कुणीच हसत नाही असं पाहून थांबली.

"याचा अर्थ कळला का तुला?" झडतीबाईने विचारलं.

"आजकाल कलिंगडं काय, कधीही—"

"आजकालचं सांगू नकोस. हा कोट त्या दिवसानंतर कुणी अंगाला लावला नाही. बाबांनी लावला नाही, तू पेटीत घातलास. या बिया मी टाकल्यात. या हाताने. उन्हाळा होता, दादा. त्रेचाळीस वर्षं मला थंडी सांगितलीत तुम्ही."

दादा बियांशी चाळा करत राहिला. पाकीट उघडून एक बोटांत धरली, पालथी केली. वहिनीने पंखा बंद केला, मग तिला वाटलं चुकलं, पुन्हा लावला.

"मला भांडायचं नाही," ती म्हणाली. खोटं होतं ते, चांगलंच भांडायचं होतं. तिने जिन्यात वाक्यं तयार केली होती, पाटी, शाळा, आलेली स्थळं, सगळं क्रमाने. "मला फक्त एकदा तुझ्या तोंडून ऐकायचंय की थंडी नव्हती. तेवढं म्हण आणि सही कर. मी जाते."

"थंडी नव्हती," दादा म्हणाला.

इतकं पटकन म्हणाला की तिला तयार वाक्यं कुठे ठेवावीत ते कळेना. तो बीकडेच बघत होता.

"ऊन फार होतं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"बाबा बारा वाजता डेपोतून आले. नुसते थडथडत होते. आई म्हणाली, जा, पळत जा, डॉक्टरला घेऊन ये. दवाखाना नदीपलीकडे. रस्ता असा तापलेला, माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला. मी म्हटलं, ऊन उतरू दे, मग जातो." त्याने बी परत पाकिटात टाकली. "पाच वाजता गेलो. डॉक्टर म्हणाला, दुपारीच का नाही आलात. आईने ते ऐकलं. मग कुणीतरी शेजारचं आलं, विचारलं, काय झालं. आई म्हणाली, थंडी वाजत होती, कोट शोधत होते, कोट पोरीने नेला. तेव्हापासून तेच."

"तू तिथे होतास. ती हे सांगत होती तेव्हा."

"होतो."

वहिनी पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लग्नाला तीस वर्षं झाली होती, आणि चेहऱ्यावरून दिसत होतं की हे तिनेही आजच ऐकलं.

झडतीबाई खिडकीशी गेली, परत आली. आपली सुटका मागायला ती आली होती. हे काहीतरी दुसरंच हातात पडलं होतं आणि ते कुठल्या पाकिटात घालायचं ते तिला ठाऊक नव्हतं. सगळ्यात जास्त राग तिला स्वतःचा आला, कारण डोक्यात पहिला विचार आला तो हा, की दादा तेव्हा पंधरा वर्षांचा होता. पंधरा वर्षांचा, तुटक्या चपलेचा. हा विचार तिला नको होता. तिच्या नऊ वर्षांसाठी तो कुणी केला नव्हता.

"मी पंधरा वर्षांचा होतो गं," दादा म्हणाला.

"ते मला सांगू नकोस," ती म्हणाली. "मला येतं मोजायला. सही कर."

त्याने सही केली. सही त्याची वाटत नव्हती, एखाद्या पोराची वाटत होती. तिने वही मिटली. पाकीट उचललं नाही.

"बिया तुझ्याकडे राहतील. सही तुझी आहे. कोट मी नेते."

"ने."

"अहो वन्सं, पण पोराला काय सांगू?" वहिनीने दारापर्यंत येऊन हळूच विचारलं. "तो कोटाची वाट बघतोय."

"जे आता ऐकलंत ते सांगा. सगळं सांगा, उगाच निम्मं नको."

रस्त्यावर आल्यावर तिला कळलं की कोट हातावर घेतला तर जड होतो आणि अंगात घातला तर उकडतं. ती काही वेळ हातावर घेऊन चालली, मग खांद्यावर टाकून, मग पुन्हा हातावर. लॉन्ड्रीचं वळण आलं, ती सरळ गेली. घराचं वळण आलं, तेही मागे टाकलं. काखेतली वही सारखी घसरत होती. उजवा हात सवयीने खिशात गेला, भोकातून आरपार अस्तरात, आणि बोटं तिथे चाचपत राहिली, आणखी काही राहिलंय का ते.