मला गठ्ठ्यात कोंबू नका

मी एक जुनी सेटिंग्जची फाइल आहे, मित्रांनो. तैवानमधल्या ताइचुंगच्या एका इस्पितळात जावा या संगणकभाषेत लिहिलेली औषधांची मोठी यंत्रणा चालते. वॉर्डातली मागणी कुठल्या पत्त्यावर पाठवायची, एवढंच माझ्यात लिहिलेलं असतं. एवढंच! पण ते चुकलं की सगळंच बोंबललं.

मला संगणक विभागातल्या शूफेनताईंनी घडवलं. यंत्रणेचा सगळा कोड ज्या एका गठ्ठ्यात बांधतात, त्याच्या बाहेर वेगळ्या कप्प्यात ठेवलं, म्हणजे गरज पडली की मला उघडून एक ओळ बदलता येते. कित्येक वर्षं सुखात गेली. मग विभागाचे नवे प्रमुख त्सायसाहेब आले. "बाहेर पसारा कशाला? सगळं आत कोंबा!" झालं! माझ्या पोटात औषधालयाऐवजी सरावाच्या, म्हणजे नुसत्या चाचणीच्या यंत्राचा पत्ता असतानाच मला गठ्ठ्यात बांधलं आणि तसंच सर्व्हरवर चढवलं. एकदा उघडून बघायला काय जात होतं हो यांचं?

सकाळी पाचव्या मजल्यावरच्या को आजींचा ताप भलताच वाढला. डॉक्टरांनी नवं इंजेक्शन सांगितलं, नर्स यालिंगने मागणी टाकली. ती गेली सरावाच्या यंत्राकडे. त्या ठोंब्याने "मिळाली" म्हटलं आणि स्वस्थ बसलं.

आमच्या विभागात यालिंगचा फोन खणखणला. "अहो, इंजेक्शन कुठंय? आजी हाकेला ओ देत नाहीयेत!"

आमच्याकडे सर्व्हरवर खाऊचं हिरवं पाकीट ठेवतात, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून; हिरवं म्हणजे सुरळीत, पिवळं म्हणजे बिघाड, अशी समजूत. त्याची तारीख उलटलेली. त्सायसाहेब किंचाळले, "हेच ते! पळा, नवं आणा!"

"साहेब, आधी फाइल बघू या ना," शूफेनताई म्हणाल्या.

"फाइल कसली बघताय! आणि पिवळं नका आणू हं, हिरवंच!"

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! इतका संताप आला, पण फाइलीला तोंड असतं का?

साहेबांकडे दुर्लक्ष करून ताईंनी मला शोधलं. चूक लगेच दिसली. पण मी आत! एका ओळीसाठी अख्खा गठ्ठा सोडायचा, पुन्हा बांधायचा, यंत्रणा बंद करून पुन्हा चढवायचा. तेवढा वेळ आजींकडे नव्हता. ताईंनी फोन उचलला. "यालिंग, यंत्रणेवर विसंबू नकोस. तूच खाली जा!"

यालिंग जिन्याने धावत तळघरातल्या औषधालयात गेली आणि धापा टाकत इंजेक्शन घेऊन आली. दुपारी आजींनी डोळे उघडले.

ताईंनी ओळ सुधारून, गठ्ठा पुन्हा बांधून यंत्रणा सुरू केल्यावर साहेबांनी नव्या पाकिटापुढे हात जोडले. "बघा, चाललं की नाही!" मी काय बोलणार, कप्पाळ!

मित्रांनो, हात जोडून पत्ता बदलत नाही. मला बाहेर ठेवा आणि चढवण्याआधी एकदा वाचा. पुढच्या वेळी यालिंग ड्यूटीवर असेलच असं नाही.