न विचारलेला भाव

खडूचा तो तुकडा जेमतेम करंगळीच्या पेराएवढा होता, आणि कोराडीहून शहराकडे निघालेल्या बसमध्ये खिडकीशी बसलेल्या गोपिकाने तो मुठीत इतका आवळून धरला होता की तळहाताच्या घामाने खडूच ओला झाला. काल वर्गातून उचललेला. उचललेला कसला, चोरलेलाच... चव्वेचाळिसाव्या वर्षी खडू चोरायचा, सकाळी उठून स्वयंपाकघराच्या फरशीवर मागणीचा वक्र काढायचा, त्याला छेदणारी किमतीची आडवी रेघ ओढायची, आणि त्या दोहोंच्या मधला त्रिकोण बघत कणीक मळायची. नवरा, जितेंद्र, चहा घ्यायला आत आला तो रांगोळी चुकवावी तसा त्रिकोणाला वळसा घालून ओट्याशी गेला.

तोच त्रिकोण आज वर्गापुढे समजावून सांगायचा होता. सेमिनार वीस गुणांचा, पण मेल्या गुणांचं काय एवढं! जुलैपासून ती बिझनेस इकॉनॉमिक्सच्या वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसत होती आणि हजेरीच्या ‘येस मॅडम’पलीकडे तिने तोंड उघडलं नव्हतं. मुलं तिच्या लेकाच्या, गौरांगच्या वयाची, इंग्रजी फाडफाड बोलणारी, आणि शिकवणाऱ्या अदिती मॅडमसुद्धा तिच्याहून बारा वर्षांनी लहान. मॅडम म्हणाल्या होत्या, मराठीत बोला, पण उदाहरण पुस्तकातलं नको, स्वतःचं हवं. मराठीत तर मराठीत, पण तोंडून ‘मला’ऐवजी ‘मले’ निघालं आणि पोरं हसली म्हणजे? तिने कुणाला न सांगता ठरवून टाकलं होतं – आज हसं झालं तर उद्यापासून घरी. ठरवणं जड गेलं होतं, कारण या विषयाने तिला वेड लावलं होतं.

शेजारच्या शोभाताईंना तिने सांगितलं की माझा मेजर, म्हणजे मुख्य विषय, बिझनेस इकॉनॉमिक्स आहे, तर त्यांनी अख्ख्या कॉलनीत बातमी केली, गोपिका मेजर होणार. तेव्हापासून जितेंद्र फोनवर ‘बोला मेजरसाहेब’ म्हणतो. म्हणू दे! पण विषय काय होता हो! कांदा चढला की आपण अर्ध्या किलोवर येतो, पण मीठ महागलं म्हणून कुणी अळणी जेवत नाही – जन्मभर बाजारात जे करत आले त्या सगळ्याला नावं होती, आणि ती मला आता कळत होती. रोज भेटणाऱ्या माणसाचं नाव विचारायचं राहून जावं आणि एक दिवस कळावं, तसं.

आणि त्या त्रिकोणाचं नाव संतोषाधिक्य. काय गोड शब्द! एखाद्या वस्तूसाठी आपण जेवढं द्यायला तयार असतो आणि प्रत्यक्षात जेवढं द्यावं लागतं, त्यातला फरक. वरचा आनंद, फुकटचा. तिने उदाहरण मेथीचं बसवलं होतं. जुडीला तीस द्यायची तयारी, मिळाली वीसला, संपलं. बस शहरात बर्डीच्या थांब्यावर थांबेपर्यंत तिने ते अकरा वेळा मनात म्हटलं.

फळ्यावर वक्र छान उतरला. मग ती वळली, चाळीस चेहरे दिसले आणि मेथी पार विसरली. ‘‘आता समजा, मले...’’ एवढंच निघालं आणि मागून खुदकन हसू आलं. स्वानंद. तोच तो, गाणी ऐकायचं कानातलं यंत्र न काढता बसणारा. झालं. झालं ना हसं! आता पाय उचलायचे, पिशवी घ्यायची, दार डावीकडे आहे... पण पाय हलेनात. तिला दिसत होता मागच्या जूनमधला ओटा, निवडायला घेतलेले तांदूळ, आणि पाठमोऱ्या नवऱ्याला कसंबसं विचारणारी ती स्वतः. तांदळातला एकच खडा ती तेव्हा तीनदा निवडत होती.

‘‘मले वीस वर्षांपासून शिकाचं होतं,’’ ती म्हणाली. आवाज आपलाच आहे हे तिला जरा उशिरा कळलं. ‘‘त्यासाठी मी लय तयारी करून ठेवली होती. भांडाची, रडाची, महिनाभर अबोला धराची. सगळं द्याले तयार होती. मागच्या वर्षी यांना विचारलं. हे म्हणाले, जाय ना मंग, भात मी लावून घेतो.’’ तिने त्रिकोणावर खडू टेकवला. ‘‘एवढीच किंमत होती. बाकीचं हे सगळं माझं संतोषाधिक्य.’’

कुणी हसलं नाही. अदिती मॅडम टेबलाला टेकून उभ्या होत्या आणि काही लिहायचं विसरल्या होत्या. सेमिनारनंतर एकाने तरी प्रश्न विचारायचा असा नियम होता, आणि हात वर केला तो स्वानंदने. कानातलं यंत्र काढून.

‘‘पण काकू, आधीच काहून नाही विचारलं?’’

काहून! हाही ‘काहून’ म्हणतो. तिला इतकं बरं वाटलं की प्रश्न आत शिरायला क्षण गेला, आणि शिरला तो खोलवर. वीस वर्षं. मेथीच्या जुडीचासुद्धा तीन ठिकाणी भाव काढणारी मी...

‘‘भावच नाही विचारला गा मी,’’ ती म्हणाली, आणि आता सगळा वर्ग हसला, तिच्यासकट. सगळ्यात आधी तीच.

परतीच्या थांब्यावर उन्हात उभी असताना ती अजून मधूनच हसत होती, आणि मधूनच छातीत काहीतरी टोचत होतं. ती किंमत कुणी सांगितली होती मला? कुणीच नाही. मीच चिठ्ठी लिहिली, मीच चिकटवली आणि लांबूनच बघून पुढे जात राहिले. राग यायला हवा होता. आला नाही, उद्याच्या तासाला काय असेल हेच मध्ये मध्ये येत होतं. फोन वाजला. ‘‘बोला मेजरसाहेब,’’ जितेंद्र म्हणाला, ‘‘जमलं का?’’ जमलं, ती म्हणाली. तो ‘मले माहीत होतं’ म्हणाला आणि जरा वेळ फोन धरून नुसताच थांबला, नेहमी थांबतो तसा, जणू आणखी काही म्हणायचं आहे. आणि नेहमीसारखंच, ‘ठेवतो मंग’ म्हणाला.

ती खडूने पांढऱ्या झालेल्या तळहाताकडे बघत राहिली. सकाळी त्रिकोणाला वळसा घालून गेलेला माणूस... यांनी कशाचा भाव विचारला नसेल? आणि मी तरी यांना कधी विचारलं?

बस आली. खडू तिने पर्समध्ये नीट ठेवला, कारण संध्याकाळी फरशीवर जितेंद्रचा त्रिकोण काढायला तो लागणार होता.