वाळूतून टँकर

टायरला लाथ मारायची, आणि आपलाच अंगठा ठणकला की टायर चांगला, ही वाडीतली तपासणी. बैलगाडीचा असो, फटफटीचा असो की ट्रॅक्टरचा, टायर दगडासारखा टणक पाहिजे. मऊ टायर घेऊन फिरणाऱ्याला सोयरीकसुद्धा जमायची नाही, असा एकूण प्रकार. चतुराबाई दूध संस्थेची चेअरमन झाली तरी तिचं मत काही वेगळं नव्हतं. ते बदललं संस्थेचा टँकर पहिल्या खेपेला नदीत रुतल्यानंतर.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरींनी तळ दाखवलेला, बोअर नुसता फुफाटा फेकत होते. माणसांपुरतं पाणी सरकारी टँकर आणायचा, पण जनावरांचं काय, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नदीपलीकडं, चकलांब्याच्या वाटेवर, भगवानरावाच्या विहिरीला पाणी होतं आणि गडी मोकळ्या मनाचा, न्या म्हणाला. पण मधी नदी. नदी कसली, या काठापासून त्या काठापर्यंत नुसती वाळू! पुलावरून वळसा घालायचा तर अर्धा दिवस जायचा. संस्थेचा ट्रॅक्टर होताच. चतुराबाईनं सगळ्यांच्या मागं लागून, बोलणी खाऊन, त्याच्या मागं जोडायला एक जुना टँकर घ्यायला लावला. आणि पहिल्याच खेपेला, काठोकाठ भरलेला तो टँकर मधोमध आसापर्यंत खाली गेला. शेवटी नळ उघडून पाणी सोडून द्यावं लागलं. एवढं पाणी, पण वाळूनं असं गिळलं की ओल दिसायलासुद्धा राहिली नाही.

मग बैठक झाली आणि सभासदांनी हात टेकले. शुक्रवारी एकदा पुन्हा बघायचं, पाणी आलं तर आलं, नाहीतर शनिवारच्या बाजाराला जनावरं काढायची. पाटोद्याचा व्यापारी गहिनीनाथ शुक्रवारी दिवस मावळायला ट्रक घेऊन येणार, हेही तिथंच ठरलं. जनावरं गेली की दूध गेलं आणि दूध गेलं की संस्था गेली, हे सगळ्यांना कळत होतं. चतुराबाईला रात्री झोप लागेना. बाया पहिल्यांदा स्वतःच्या नावानं काही कमवायला लागल्या होत्या आणि ते आपल्या चेअरमनकीत बुडणार, हेच तिच्या डोक्यात फिरत राहायचं.

सकाळी तिनं गेवराईच्या बद्रीनाथला फोन लावला. टँकरचे टायर त्याच्याच दुकानातून आणलेले. सगळं ऐकून तो आधी हसला, मग चिडला. वाळूत टणक टायर म्हणजे पहार रोवल्यागत खाली जाणार, म्हणाला. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकांतली हवा निम्म्यावर आणा, टँकरच्या चाकांतली थोडी कमी करा, म्हणजे टायर पसरून बसतो आणि वाळू त्याला तोलते. पण हवा कमी केली की वजनही कमी पाहिजे, टाकी पाऊणच भरायची. आणि वर डांबरीवर आल्यावर हवा भरेपर्यंत माणसाच्या चालीनं चालवायचं, नाहीतर टायर तापून फाटणार. टायरच्या अंगावर वजन किती, हवा किती, वेग किती, सगळं छापलेलं असतं, वाचत कावून न्हाई, असंही त्यानं विचारलं. तर चतुराबाईचा दीर जालिंदर, म्हणजे संस्थेचा ड्रायव्हर, वाचत होता की! फक्त तिथं छापलेली जास्तीत जास्त हवा म्हणजे तेवढी भरलीच पाहिजे, असं तो धरून चालला होता.

शुक्रवारी सकाळी दोघांनी मिळून हवा सोडली. ट्रॅक्टर संस्थेच्या दारात उभा करून जालिंदर भाकरी खायला गेला आणि चतुराबाई आत दूध मोजायला बसली. आणि नेमकी तिथंच माती खाल्ली, कारण दाराशेजारीच आसारामचं पंक्चरचं दुकान.

दुपारी निघायची घाई, टायरकडं कोण बघतंय? रिकामा टँकर नदीतून सुखरूप पलीकडं गेला. चतुराबाईनं विहिरीवर उभं राहून पाऊण टाकी झाली की पाइप काढायला लावला; एवढ्या लांब येऊन पाव टाकी रिकामी न्यायची म्हणून जालिंदर कुरकुरला, पण वैनीपुढं त्याचं काही चाललं नाही. परतीला अर्धी नदी ओलांडली आणि ट्रॅक्टर मागून बसला. चाक जागेवर फिरायला लागलं, वाळू उडायला लागली. चतुराबाईनं उडी मारून खाली येत टायरला लाथ घातली, तर अंगठा ठणकला.

तोवर अलीकडच्या काठावर वाट बघत बसलेली वाडी धावत आली, आणि मग एकेक उलगडा व्हायला लागला. आसारामनं मान डोलावत सांगितलं की हवा त्यानं मारली, पण त्याला धोंडीराम आबांनी सांगितलं होतं. आबा संस्थेचे व्हाइस चेअरमन, जमीनदार माणूस; संस्थेच्या दारात बसक्या टायरचा ट्रॅक्टर त्यांना बघवेना, म्हणून सांगितलं. त्यांच्या आधी छबुबाई दूध घालून जाताना सांगून गेलेली. आबांच्या नंतर आणखी दोघांनी लाथ मारून बघितलं आणि अजून थोडी मार म्हणाले. संस्था सगळ्यांची, म्हणून ट्रॅक्टर सगळ्यांचा, म्हणून हवा भरायचा हक्कही सगळ्यांचा! आणि प्रत्येकजण हे असं सांगत होता, जणू चेअरमनबाई आता पाठ थोपटणार आहेत.

चतुराबाईला हसावं का बोंब मारावी कळेना. आबा मात्र कामाला लागले होते. पाणी सोडून गाडी हलकी करू म्हणत ते टँकरच्या मागं गेले आणि नळाला हात घातला. चतुराबाई आडवी आली.

"आबा, हात काढा. हे पानी मी वाळूला देनार न्हाई."

आजवर आबांशी वाडीत कुणी असं बोललं नव्हतं. आबा बघतच राहिले, पण हात काढला. चतुराबाई वाळूत बसली आणि काडीनं एकेका टायरच्या वॉलची पिन दाबून धरली. हवा फुसफुसत सुटली. टायर खाली खाली बसत गेला तशी माणसं चुकचुकायला लागली, आसारामला तर स्वतःची मेहनत जाताना बघवेना. मग तिनं सगळ्यांना चाकांपुढची वाळू हातानं ओढायला लावली, आबांनासुद्धा. जालिंदरला दरडावलं की हळू घे, जोर केलास तर माझ्याशी गाठ हाय.

ट्रॅक्टर गुरगुरला, थरथरला, आणि हलला. पसरलेला टायर वाळू दाबत पुढं निघाला, सावकाश, पण न थांबता. काठ चढून डांबरीवर येईपर्यंत सगळे दोन्ही बाजूंनी चालत राहिले.

दिवस कलला होता. डांबरी लागताच जालिंदरला जोर चढला, तशी चतुराबाई पदर खोचून ट्रॅक्टरच्या पुढं रस्त्याच्या मधोमध चालायला लागली. आता पळवणार कसा? तेवढ्यात मागून गहिनीनाथचा ट्रक आला आणि हॉर्न मारायला लागला. रस्ता अरुंद. गहिनीनाथला आधी पोचून जनावरं भरायची होती. त्यानं हॉर्नवर हॉर्न मारले, डोकं बाहेर काढून ओरडला. चतुराबाईनं मागं वळून बघितलं नाही. पुढं बाई, मागं टँकर, त्यामागं ट्रक, अशी सगळी वरात पावलापावलानं वाडीत शिरली.

चौकात जनावरं आणून बांधलेलीच होती. पाण्याचा वास लागला तशी दावी ताणली गेली. नळ सोडला, हौद भरला, आणि सोडलेली जनावरं माना घालून पीत राहिली. सुंदरबाईची गाय सगळ्यात पुढं. एकच गाय होती तिची, आणि घरातून निघताना तिनं तिला हळदकुंकू लावून, पायावर पाणी घालून निरोप दिला होता. गाय प्यायली, थांबली, परत प्यायली.

गहिनीनाथनं ट्रकचं फळकं खाली टाकलं आणि विचारलं, कुणाचं आधी चढवायचं.

सगळे चतुराबाईकडं बघायला लागले. एका टाकीनं किती दिवस निघणार, हे तिलाही ठाऊक होतं. मग सुंदरबाईनं गाईच्या तोंडावरून हात फिरवला आणि दावं हातात घेतलं.

"माझी धार काढायची राह्यलीय," ती म्हणाली, आणि कुंकू लावलेली गाय घेऊन घराकडं चालायला लागली.

तिच्या मागं छबुबाई निघाली. मग आबांनी आपली म्हैस घराकडं वळवली. चतुराबाई हौदाच्या कडेला बसून, सगळ्यांदेखत, पोटभर रडली.