तीन वेढे

थोरल्याने भावाला जाणूनबुजून चिरडलं, हे वाक्य धाकट्या सुनेच्या तोंडून पुरतं बाहेर पडण्याआधीच मालकीणबाईंचा हात उठला होता. सुनेचा ओठ दातावर आपटून फाटला आणि हनुवटीवरून रक्ताचा ओघळ गळ्यापर्यंत गेला. तिने तो पुसलासुद्धा नाही.

"एका लेकाला पोचवून दोन आठवडे झाले नाहीत," बाई कडाडल्या, "आणि तू दुसऱ्याच्या गळ्यात फास अडकवायला निघालीस? बॅग भर. उद्या सकाळी मी स्वतः तुला माहेरी सोडून येते."

"भरते. पण त्या दिवशी सकाळी ह्यांनी त्याच गाडीची काच धुतली होती, आई. मी चहा घेऊन समोर उभी होते. तुषार माझ्या अंगावर उडाले, तर केवढे हसले ते. मग दुपारी लगेच काचेवर पाणी मारणारा पंप कसा बंद पडला?"

"पंप काय तुला विचारून बंद पडणार होता?"

विषय तिथेच संपला, निदान बाईंच्या लेखी.

थोरल्याने सांगितलेली घटना सगळ्यांना तोंडपाठ होती. घराला लागून असलेल्या गॅरेजात थोरला गाडी आत घेत होता. बाहेरच्या वळणावर ट्रकने उडवलेला चिखल समोरच्या काचेवर बसला. त्याने काच धुवायची दांडी ओढली, पाणी आलंच नाही. कोरड्या वायपरने चिखल काचभर सारवला गेला आणि मागच्या भिंतीशी वाकून काम करणारा धाकटा त्याला दिसला नाही. बंपर आणि भिंत यांच्यामध्ये धाकट्याच्या बरगड्या ज्या आवाजाने मोडल्या, तो बाईंनी स्वयंपाकघरात ऐकला होता. त्यानंतर पाणी गरम करायला ठेवलं की भांड्याच्या कडकड आवाजानेही त्यांच्या हातातली वस्तू खाली पडे. दुसऱ्या दिवशी दुपारी पोलीस गाडी घेऊन गेले. त्यांच्या माणसाने तपासलं, पंप खरोखरच मेलेला होता. अपघात अशी नोंद झाली आणि गाडी परत आली.

अपघाताच्या आठवडाभर आधी बाईंनी गॅरेजच्या किल्ल्या, म्हणजे सगळा कारभारच, धाकट्याच्या हाती दिला होता, ही गोष्ट मात्र कोणत्याही कागदावर नव्हती. त्या दिवशी थोरल्याने जॅकचा दांडा फेकून भावाचा खांदा फोडला होता. लहानपणापासून हे असंच चालत आलेलं. एकाचा दात, दुसऱ्याची भुवई. भावाभावांत चालायचंच, असं म्हणून बाईंनी दर वेळी हळद लावली होती.

सकाळी बॅग दाराशी आली. बाईंनी पदर खोचला आणि गॅरेजचं शटर वर केलं.

"ज्या गाडीने माझा लेक नेला ती तशीच रस्त्यावर काढणार नाही," त्या म्हणाल्या. "आधी पंप बदलेन, मग निघू. नवा आणलाय. बस आत. मी सांगेन तेव्हा दांडी ओढायची."

"थोरले भाऊजी म्हणाले होते, ते करतील म्हणून."

"तो बाहेर गेलाय. आणि हात मला देवाने कशाला दिलेत, तुला मारायला?"

सून गाडीत जाऊन बसली. तिच्या सुजलेल्या ओठाकडे बाईंनी पाहिलं आणि नजर वळवली.

नवऱ्याच्या शेजारी उभं राहून पस्तीस वर्षं त्यांनी हे गॅरेज चालवलं होतं. आता सत्तरीच्या उंबरठ्यावर गुडघे कुरकुरत होते, पण कान तयार होता. पुढच्या चाकाशी बसून त्यांनी डोकं आत घातलं.

"ओढ."

गुरगुर नाही, थरथर नाही. जिवंत पंप पाणी नसलं तरी गुणगुणतो. हा मुका होता. त्यांनी बॉनेट उघडून लोखंडी काठीवर टेकवलं आणि फ्यूज काढून उजेडात धरला. तार शाबूत होती. मग पुढचं चाक पूर्ण वळवून आतलं प्लास्टिकचं अस्तर चार स्क्रू काढून बाजूला केलं, पंपाची वायर सोडवली आणि टोकांना दिव्याचा टेस्टर लावला.

"ओढ."

दिवा लख्ख पेटला. म्हणजे वीज पंपापर्यंत येत होती आणि पंपच ती घेत नव्हता. बाईंनी इतका लांब श्वास सोडला की त्यांचा त्यांनाच ऐकू आला. लेक खरं बोलला होता.

"पाहिलंस?" त्या म्हणाल्या. "मेलेलाच आहे."

"मेलेला असेल, आई," आतून आवाज आला. "कधी मेला, एवढंच विचारलं होतं मी."

खाली पातेलं धरून बाईंनी पंप टाकीच्या रबरी कड्यातून पिळून ओढला. टाकीतलं पाणी भसकन पातेल्यात आलं. पाण्याबरोबर टाकीच्या भिंतींवरची हिरवी बुळबुळीत साय सुटून आली आणि त्यांच्या बोटांना चिकटली. वर्षभर साफ न केलेली टाकी. त्यांनी पंप उलटा करून त्याची जाळी पाहिली.

जाळी स्वच्छ होती. हिरव्याचा एक कणसुद्धा नव्हता. वर पंपाचं अंग मात्र उन्हाने फिकं पडलेलं, जागोजागी ओरखडलेलं. भंगाराच्या डब्यात पडून असतो तसा. हा पंप या पाण्यात वर्षभर राहिलेला नव्हता, फार तर काही दिवस.

तरीही बाईंचं मन निमित्त शोधत राहिलं, आणि मग नजर नळीवर गेली. नळीच्या तोंडाला तांब्याची बारीक तार गुंडाळली होती. बरोबर तीन वेढे, आणि टोक आत दुमडलेलं. बाकीचे कामगार बाजारची क्लिप लावत. ही बांधणी मालकांची, बाईंच्या नवऱ्याची होती. पुढे हात घालणाऱ्याचं बोट फाटू नये म्हणून ते टोक आत दुमडत, आणि ती त्यांनी फक्त घरच्या तिघांना, बाईंना आणि दोन्ही लेकांना, शिकवली होती. त्यातला एक गेला होता. गेल्या वर्षी पंप बसवताना बाईंनी स्वतः बांधलेली तार एव्हाना काळपट पडली असती. ही नव्या नथीसारखी झळकत होती.

पोलीस येण्याआधी चालता पंप काढून मेलेला बसवण्याची लबाडी लेकाने केली होती, पण बापाच्या हाताने. घाईतसुद्धा त्याला गबाळं काम जमलं नव्हतं.

बाईंनी पंप बॅटरीवर ठेवला आणि बॉनेटच्या कडेला धरून उभ्या राहिल्या.

"सूनबाई," त्या म्हणाल्या. "खाली उतर. माझ्या मागे उभी राहा."

शटरखाली सावली पडली होती.

"तुला कोणी सांगितलं गं हात लावायला?" थोरला आत येत म्हणाला. मग त्याला बॅटरीवरचा पंप दिसला, आणि आईचा चेहरा. "आण इकडे. फेकून देतो."

"माझा पंप कुठे आहे? मी बसवलेला?"

"कुठला तुझा?"

"जो त्या दुपारी चालत होता."

त्याने भिंतीवरचा चाकाचा पाना ओढून काढला आणि आधी गाडीचा दिवा फोडला. काचा बाईंच्या पायांवर उडाल्या. "हिने कान भरले ना तुझे?" तो ओरडला आणि सुनेचे केस मुठीत धरून तिचं डोकं दारावर आदळलं. बाई मध्ये पडल्या तेव्हा त्याने त्यांनाही ढकललं. त्या चाकावर कोसळल्या, कोपर सोलून निघालं. तोवर सून त्याच्या मनगटाला कडकडून चावली होती. पाना खणखणत खाली पडला. तिला लाथेने दूर उडवून तो वळला आणि पंप उचलायला बॉनेटखाली हात लांबवला.

चाकाला धरून बाईंनी हात वर घातला आणि बॉनेटला टेकवलेली लोखंडी काठी हिसडली.

बॉनेट कोसळलं. त्याच्या हाताचं हाड सुक्या फांदीसारखं मोडलं. बाई उठल्या आणि आपलं सगळं वजन बॉनेटवर घालून बसल्या.

"आई! हात! आई गं!"

"बोल."

"सोड, मरतो मी!"

"तो भिंतीशी असंच म्हणाला होता का?"

थोरला रडू लागला. लहानपणी रडायचा तसाच, ओठ आत ओढून. "मला बघून हसला तो," तो म्हणाला. "किल्ल्यांचा जुडगा बोटावर फिरवत हसला. काच स्वच्छ होती, आई. दिसत होता मला. सगळा दिसत होता. चिखल मी नंतर फासला."

बाई उतरल्या. त्यांनी बॉनेट उचललं, तसा तो लोंबता हात पोटाशी धरून भिंतीला टेकत खाली बसला. बरोबर त्याच भिंतीला. सुनेने पाना उचलून त्याच्यासमोर धरला होता. तिच्या कपाळावरून रक्त डोळ्यात उतरत होतं.

"हलला तर गुडघ्यावर घाल," बाईंनी सांगितलं. "डोक्यावर नको. त्याला बोलायचंय अजून."

मग त्या पुन्हा चाकाशी बसल्या. नवा पंप रबरी कड्यात बसायला तीनदा दाबावा लागला. वायर जोडली. नळी चढवली. तारेचे तीन वेढे घातले, टोक आत दुमडलं. टाकी भरून दांडी ओढली, तेव्हा काचेवर पाण्याच्या दोन धारा उसळल्या. वायपर फिरले आणि चिखलाचा उरलासुरला थर वाहून गेला. काचेपलीकडे भिंतीशी बसलेला लेक स्पष्ट दिसला. बाईंनी त्याला पुरता पाहून घेतलं.

मेलेला पंप तारेच्या तुकड्यासकट फडक्यात बांधला आणि सुनेला गाडीत बसवून तिच्या मांडीवर ठेवला. गाडी बाहेर काढली, खाली उतरून शटर ओढलं आणि धाकट्याच्या जुडग्यातल्या किल्लीने बाहेरून कुलूप घातलं.

"आई, पाणी तरी दे!" आतून हाक आली.

"चौकीतले देतील. डॉक्टरही तेच बोलावतील."

गाडीत बसल्यावर त्यांनी किल्ल्यांचा जुडगा सुनेच्या हातात दिला. पदराचं टोक ओलं करून तिच्या कपाळावरचं आणि मग ओठावरचं रक्त पुसलं. ओठावरची जखम त्यांची होती, म्हणून तिथे हात जास्त वेळ थांबला.

"बॅग मागे राहिली, आई."

"राहू दे. तुला माहेरी कोण नेतंय?" बाई म्हणाल्या आणि गाडी चौकीच्या रस्त्याला घातली.